कोबीचं पिंप

"झाकण उघडायचं नाही," विल्मा म्हणाली आणि कोबीच्या पिंपावर ठाण मांडून बसलीच.

हातात लोखंडी सळया घेतलेले दोन शिपाई एकमेकांची तोंडं बघत राहिले. बुडापेस्टहून व्हिएन्नाला जाणारी एक्सप्रेस हेग्येशहालोमच्या फलाटावर चाळीस मिनिटं थांबायची. पुढे ऑस्ट्रियाची हद्द. तेवढ्या वेळात शिपाई कोळशात सळई खुपसत, पिठात खुपसत, बाकांच्या गाद्यांतसुद्धा खुपसत. देश सोडून पळणारा माणूस कुठेही लपू शकतो, असं सरकारचं म्हणणं. सापडला तर त्याला दहा वर्षं, मदत करणाऱ्याला पंधरा.

विल्मा या गाडीच्या डायनिंग कारमध्ये चोवीस वर्षं स्वयंपाक करत होती. महायुद्धाच्या आधी हीच गाडी थेट पॅरिसहून यायची. तिच्या हातचं गुलाश खाता खाता एखादी हद्द ओलांडली गेली, तर लोकांना पत्ताही लागायचा नाही. आता हद्दीजवळ येईपर्यंत निम्मे डबे रिकामे होत. विल्माला याचा मनस्वी संताप होता, आणि तो ती लपवतही नसे.

लेफ्टनंट केलेमेन आत आला. या वर्षातला हा तिसरा लेफ्टनंट. आधीच्या दोघांची बदली झाली, एवढंच स्टेशनात सांगितलं गेलं होतं. कुठे, ते विचारायची सोय नव्हती. केलेमेन तर आल्यापासून हात धुऊन विल्माच्या मागे लागला होता. तिनंही पहिल्याच दिवशी त्याला नखशिखान्त न्याहाळून घेतलं होतं.

"बाई, उठा."

"नाही उठत. तुमच्या गंजक्या सळईनं माझा आंबवलेला कोबी नासवायचा नाही."

"डायनिंग कारमध्ये काहीतरी काळंबेरं आहे, असं वरून कळलंय."

"वरच्यांना भूक लागली असेल."

एक शिपाई फिस्सकन हसला आणि लगेच घाबरून गप्प झाला. केलेमेनचा चेहरा लाल झाला. शिपायांना त्यानं गाडीखाली बघायला पिटाळलं, वेटरला पुढच्या डब्यात धाडलं. या बाईचा भटारखाना आज मी स्वतः उलथापालथा करतो, असं म्हणून त्यानं दोन्हीकडची दारं आतून लावून घेतली. झडती आटोपली की तो नेहमी मागच्या दारानं, आपल्या कचेरीसमोर उतरायचा. त्यामुळे शिपायांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

त्यानं कोळसा उपसला. भांडी आदळली. पिठाचं पोतं आडवं केलं. विल्माच्या मानेवरून घामाचे ओघळ चालले होते, पण ती जागची हलली नाही. पिंपात जे होतं ते शिपायांच्या हाती लागलं असतं तर तिची पंधरा वर्षं पक्की होती. शिवाय नवरा तिच्यासाठी जामीन होता. घरचं माणूस मागे ठेवल्याशिवाय या गाडीत नोकरीच मिळत नसे. तोही आत गेला असता.

"लेफ्टनंटसाहेब, ऐकून ठेवा," ती बाहेर फलाटावरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "सरकारं येतात आणि जातात. माझ्या गाडीत चढलेला माणूस व्हिएन्नाला पोचतो. चोवीस वर्षांत मी एकालाही अर्ध्या वाटेत उतरू दिलेलं नाही."

शिट्टी झाली. केलेमेननं घड्याळ पाहिलं आणि सळई हळूच ओट्यावर ठेवली. गाडीला हिसका बसला.

खिडकीतून पहाऱ्याचे मनोरे मागे गेले, काटेरी तारा मागे गेल्या. मग साधी बीटची शेतं सुरू झाली. विल्मा उठली. पिंपाचं झाकण काढून तिनं वरचा कोबीचा थर बाजूला केला. खालून मेणकापडात गुंडाळलेला राखाडी कोट आणि हॅट काढली आणि लेफ्टनंटच्या हातात दिली.

"बाह्या वाढवून घेतल्यात," ती म्हणाली. "आधीच्या दोघांपेक्षा तू चांगला वीतभर उंच आहेस."