मदतीचं बटण

चौथ्या मजल्यावरच्या घरात वॅक्स तापत ठेवून ब्यूटीशियन वृषालीने गिऱ्हाइकाचा चेहरा पुसला. पावडर निघाली आणि सुजलेला, काळानिळा गाल दिसला.

"ताई, मला इथून बाहेर काढा," ती बाई कुजबुजली. "त्यासाठीच तुम्हाला अ‍ॅपवरून बोलावलंय."

दारात उभ्या तिच्या नवऱ्याने ते ऐकलं. कडी घालून त्याने वृषालीचे केस धरले, तिचं डोकं भिंतीवर आपटलं. तिने खिशातल्या मोबाइलवर अ‍ॅपच्या कंपनीचं मदतीचं बटण दाबलं. फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा डोकं आपटलं, तोंडात रक्त आलं, तेव्हा तिने उकळत्या वॅक्सचं भांडं त्याच्या तोंडावर उपडं केलं. तो किंचाळत कोसळला.

कडी काढून, बाईला ओढत ती चार मजले उतरली. रस्त्यावर कंपनीचा फोन आला.

"मदत मागितली होतीत? ग्राहक सुरक्षित आहे ना?"

वृषालीने रक्त थुंकलं. खांद्याला बिलगलेल्या बाईकडे पाहिलं.

"आता आहे," ती म्हणाली.