उजवा कौल

देवाच्या उजव्या खांद्यावरचं फूल पडलं आणि येत्या बुधवारी जग बुडणार हे नक्की झालं.

सोमाजी गुरवानं तसं गाभाऱ्यातून ओरडून सांगितलं. तोवर ही नुसती फोनवरची बातमी होती. कुठल्याशा महाराजांचा हिंदी व्हिडिओ घोडेगावच्या बाजारातून वस्तीवर आला होता. अमावास्येला पृथ्वी पाण्याखाली जाणार, असं ते हसऱ्या चेहऱ्यानं सांगत होते. लोकांचा धड विश्वास बसेना, धड विषय सुटेना. शेवटी भैरवनाथालाच कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. भैरवनाथ हो म्हणाला.

आता पुढे काय करायचं, हे मात्र देवानं सांगितलं नव्हतं. रखमाजीनं विचारलं, मग आज कांद्याला पाणी द्यायचं का? कुणी द्या म्हणालं, कुणी कशाला म्हणालं. तो अर्धे वाफे भिजवून परत देवळासमोर येऊन उभा राहिला.

खरी पंचाईत मेंढरं राखणाऱ्या सोनबाची झाली. त्याच्या प्रांजलचं लग्न शुक्रवारी होतं. मुलगा पिंपळवंडीचा, ज्ञानेश्वर, टोमॅटोचा पिकअप चालवणारा. त्या घरानं मेंढरं कधीच विकून टाकली होती, आणि मेंढरं विकणाऱ्या घरात सोनबा लेक द्यायला तयार नव्हता. लेक दुसरीकडे जायला तयार नव्हती. बापलेकींनी वर्षभर एकमेकांशी अबोला धरला. शेवटी सोनबानं याच देवळात कौल लावला, देव हो म्हणाला, तेव्हा कुठे तो नमला. आणि नमला तो असा, की मांडवाचे खांब त्यानं स्वतः निवडले.

"शुक्रवारचं पुढं ढकलू," तो म्हणाला.

"जग बुडल्यावर पुढं कुठं ढकलणार, आबा?" प्रांजलनं विचारलं.

"ते मला न्हाई म्हाईत. पर द्येव बुडणार म्हणतोय आन् आपण मांडव घालायचा, हे न्हाई जमायचं."

प्रांजलला रडू आलं, पण तिनं ते दाबलं. गाभाऱ्यात सोमाजी कुणाला येऊ देत नसे. या वेळी मामला सगळ्या जगाचा होता, म्हणून त्यानं वस्तीवरच्या मच्छिंद्राला फोनवर कौलाचं शूटिंग करू दिलं होतं. प्रांजलनं तो फोन मागून घेतला. व्हिडिओ पाहिला, मागे नेला, परत पाहिला. मग ती गुरवासमोर जाऊन उभी राहिली.

"सोमाजीबाबा, द्येवाचा उजवा हात दाखवा."

सोमाजीनं स्वतःच्या उजव्या हाताची बाजू दाखवली.

"द्येव आपल्याकडं तोंड करून बसलाय, बाबा."

सोमाजीला काही कळेना. मच्छिंद्र म्हणाला, फोन उलटं दाखवत असेल. म्हणून सगळे उंबऱ्याशी गेले. रखमाजी देवाकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यानं उजवा हात वर केला. मग देवाकडे पाठ करून तोच हात वर केला. असं त्यानं बऱ्याचदा केलं. दर वेळी त्याचा गोंधळ वाढत गेला, पण बाकीच्यांच्या लक्षात आलं. फूल देवाच्या डाव्या खांद्यावरून पडलं होतं. देव नाही म्हणाला होता.

लोक मोकळेपणानं हसले. जग वाचलं होतं. प्रांजलनं डोळे पुसले. रखमाजी उरलेले वाफे भिजवायला निघाला, आणि पायरीवरच थांबला.

"म्हंजी माझी बोअर?"

हसणं बंद झालं. थोरला गुरव गेल्यापासून सगळे कौल सोमाजीच सांगत होता. रखमाजीची बोअर त्यानंच सांगितल्या जागी घेतली होती आणि तिला धो धो पाणी लागलं होतं. म्हणजे देवानं नको म्हटलं होतं तिथे पाणी लागलं होतं. मच्छिंद्राच्या लग्नालाही सोमाजीचाच कौल होता. त्याची बायको हिरा मागे उभी होती. तिनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्यानं प्रांजलच्या हातातला आपला फोन घेऊन खिशात घातला.

बोअरचं नाव निघताच पुढचं सगळं प्रांजलला सगळ्यांत आधी कळलं होतं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. जग वाचवायच्या नादात तिनं स्वतःचंच लग्न मोडून ठेवलं होतं. ज्ञानेश्वराला देवानं नकार दिला होता, आणि तो नकार तिनंच सगळ्यांदेखत उघडा केला होता.

सोनबा गाभाऱ्यात गेला. त्याला अडवायचं सोमाजीला सुचलं नाही. सोनबा देवासमोर उभा राहिला. वर्षभर तो जे म्हणत होता, तेच देवही म्हणाला होता. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. त्यानं वळून लेकीकडे पाहिलं.

बाहेर येऊन त्यानं सोमाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"गुरव, तुमचा उजवा त्योच द्येवाचा उजवा. आजवर तसंच चाललंय. बदलायचं न्हाई."

रखमाजीनं घाईनं मान हलवली. मच्छिंद्रानं त्याच्याहून जास्त घाईनं हलवली. एकानंही हरकत घेतली नाही.

"आन् मग बुधवारचं?" सोमाजीनं भीत भीत विचारलं.

"बुधवारी जग बुडंल," सोनबा म्हणाला, "आन् शुक्रवारी समद्यांनी लग्नाला टायमावर या."