परत आलेला पॅच

"परत आलं," कौशिक म्हणाला आणि अर्धी पोळी ताटात टाकून जिना चढून गेला.

सरलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. मुग्धा मान खाली घालून भात कालवत होती. परत पाठवणारी तीच. नवऱ्याचं काम आपल्या खोलीत बसून नाकारायचं आणि मग त्याच्याच शेजारी बसून जेवायचं, ही रीत सरलाबाईंनी ना झाशीतल्या मराठी घरांत पाहिली होती, ना बुंदेल्यांच्यात ऐकली होती.

घरातल्या बोलण्याचा जमाखर्च त्यांना तोंडपाठ होता. होळीनंतर मुग्धाला तिच्या कंपनीने बेंगळुरूला बोलावलं. कौशिक म्हणाला, जायचं तर जा. मुग्धा म्हणाली, जाईनच. दोघांनाही तसं म्हणायचं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण शब्द मागे कोण घेणार? तेव्हापासून जमेच्या बाजूला 'मीठ दे' आणि 'कूलरमध्ये पाणी भरलं का' एवढंच. कंपनीला मात्र मुग्धाने अजून उत्तर कळवलं नव्हतं. ते एकदा गेलं, की सूनही गेली, हे सरलाबाई धरून चालल्या होत्या.

त्यात हे पॅचचं, म्हणजे कोडमधल्या दुरुस्तीच्या तुकड्याचं, लचांड. दोघंही लिनक्सवर, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका सिस्टिमवर, काम करणारे. कौशिकने आईला ते कूलरवरून समजावलं होतं. उकाडा वाढला की आपण बटण फिरवून पंखा जोरात करतो, गारवा आला की हळू. कॉम्प्युटरचा प्रोसेसरही तसाच, कामाप्रमाणे वेग वाढवतो, कमी करतो. ते बटण फिरवणारा कोड कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात असतो. वर्षानुवर्षं ज्याने त्याने आपापला ड्रायव्हर, म्हणजे आपल्या यंत्रापुरता कोड, लिहून ठेवलेला, तोच मजकूर ठिकठिकाणी. कौशिक ते सगळं झाडून-पुसून एका जागी आणत होता. आणि त्या कोपऱ्याची राखण होती मुग्धाकडे. तिच्या होकाराशिवाय एक ओळ आत जायची नाही.

"मग विचार की तिलाच, काय चुकलं ते. खालच्याच खोलीत तर बसते," सरलाबाई म्हणाल्या होत्या.

तसं चालत नाही, असं त्याने सांगितलं. जे बोलायचं ते मेलिंग लिस्टवर, सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलवर, सगळ्या जगादेखत. एकदा त्याने जेवताना विषय काढला, तर मुग्धाने "लिस्टवर लिही" म्हणून त्याच्या वाटीत आमटी वाढली होती.

सरलाबाईंनी नवऱ्याकडे, विद्याधररावांकडे गाऱ्हाणं नेलं. अवघड प्रसंगी विद्याधरराव हिंदीत शिरत. "बीच में मत पड़ो, सरला," एवढं बोलून ते सीपरी बाजारात खरबूज आणायला निघून गेले.

मग त्या जिना चढून मुलाकडे गेल्या. या खेपेला चूक काय निघाली? एका ओळीच्या शेवटी रिकामी जागा राहिली म्हणे. अक्षर नाही, आकडा नाही, नुसती रिकामी जागा. डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. त्याआधीच्या खेपेलाही तीच, दुसऱ्या ओळीत. कौशिक हे सांगताना कॉम्प्युटरच्या पडद्याकडेच बघत होता आणि पुढची खेप लिहायला बसलाही होता. दारातल्या पाहुण्यांच्या चपलासुद्धा ओळीत लावून ठेवणारा आपला मुलगा पुन्हा पुन्हा तिथेच कसा चुकतो, हे सरलाबाईंना कळेना. पण त्याहून त्यांना सुनेचा राग आला. न दिसणाऱ्या चुकीवरून माणसाला छळायचं म्हणजे काय!

दुपारी त्या कैरीचं पन्हं घेऊन मुग्धाच्या खोलीत गेल्या. पेला ठेवला आणि उभ्याउभ्याच बोलल्या. बेंगळुरूचा राग असेल तर सरळ भांड, पातेली आदळ, पण त्याच्या कामावर काढू नकोस. एवढ्याशा जागेसाठी किती वेळा परत पाठवशील? घे बाई एकदाचं पास करून.

मुग्धाचे कान लाल झाले. तिने पेला बाजूला सरकवला. मग म्हणाली, अशा रिकाम्या जागा पकडणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो; पाठवण्याआधी प्रत्येकजण तो चालवतो. नवशिक्यांना तो चालवायला कौशिकच शिकवतो.

सरलाबाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

मुग्धाने पडदा त्यांच्याकडे वळवला. कौशिकचं नवं पत्र आलं होतं, इंग्रजीत, सगळ्या जगाला दिसेल असं. मुग्धाने त्यातलं वाचून दाखवलं. चूक माझीच होती. तुम्ही इतका वेळ देता त्याबद्दल आभारी आहे. सुधारून पुन्हा पाठवत आहे. मागच्या पत्रातही तेच, त्याच्या मागच्यातही. दरवेळी एखादं वाक्य वाढलेलं.

"आणि या पत्रासोबतच्या कामात?" सरलाबाईंनी विचारलं.

मुग्धाने एका ओळीच्या शेवटावर बोट ठेवलं. तिथे काही नव्हतं. म्हणजे होतं.

"लबाड मेला," सरलाबाई पुटपुटल्या. मग सुनेकडे डोळे बारीक करून बघत त्यांनी चौकशी पुढे नेली. "पण काय गं, दुसऱ्या कोणाची अशी जागा राहिली, तर तीही अशीच परत पाठवतेस?"

"नाही आई," मुग्धा हळूच म्हणाली. "बाकीच्यांची मीच पुसून घेते."

वर कौशिकची खुर्ची करकरली. खाली कोण कधी उत्तर देतं याची वाट बघणाऱ्या माणसाची खुर्ची जशी करकरते, तशी. सरलाबाई उठल्या. दाराशी जाऊन थबकल्या.

"मग पाठव परत," त्या म्हणाल्या. "आणि या खेपेला एखादी चूक स्वतःचीही कबूल कर."