जाड अक्षरं

"माझ्या बहिणीच्या कागदावर माझं नाव का नाही?" छापखान्याचं दार ढकलतच दोनातो ओरडला.

म्हातारा सावेरियो शाईचा रूळ फिरवत होता. त्याने मान वर केली. "कुठला कागद?"

"चौकातला! फिलोमेनाचा!"

तो कागद दोनातोने आत्ताच पाहिला होता, कॉफी पिता पिता, लांबून. सावेरियोची लाकडी अक्षरं लांबूनच वाचायची असत. उभे दांडे मनगटाएवढे जाड, काळेभोर. डोक्याला आणि पायाला मात्र केसासारख्या रेघा. इटलीच्या दक्षिणेतल्या त्या गावात कुणी गेलं, की भिंतीवर त्याचं नाव याच अक्षरांत लागायचं. खाली बारीक टायपात घरच्यांची नावं, मानाप्रमाणे. गाव आधी जाड नाव वाचायचं आणि मग बारीक नावं तपासायचं. आईच्या वेळी पहिलं नाव थोरल्या फिलोमेनाचं लागलं, म्हणून दोनातोने तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

आज जाड अक्षरांत होतं: फिलोमेना.

कप तसाच ठेवून तो भिंतीपाशी धावला. चष्मा घरी राहिला होता, पण खाली दोनच ओळी आहेत एवढं दिसलं. भाऊ, भावजय, भाचरं दोन ओळींत मावणार कशी? म्हणजे वगळलं! साऱ्या गावासमोर! कान तापले, आणि तो तडक इथे आला.

"सख्खा भाऊ आहे मी, सावेरियोकाका! माझं नाव गाळायला सांगितलं कुणी?"

"मजकूर तिनेच दिला."

"तिने? कधी?"

"परवा. शिवणाचं दुकान काढतेय. मी म्हटलं, अगं बाई, ही अक्षरं मेलेल्यांची. तर म्हणते, मेल्यावर मला कुठे वाचता येणार आहेत?"

दोनातो भिंतीला टेकला. आहे. ती आहे.

मागे दोरीवर वाळत घातलेले कागद हलले आणि फिलोमेना पुढे आली. तिच्या हातात तोच मजकूर होता, साध्या, हडकुळ्या टायपात नव्याने छापलेला. तिने सगळं ऐकलं होतं. दोनातोची मान खाली गेली. टोपी डोक्यावरच राहिलीय हे लक्षात येऊन त्याने ती घाईघाईने काढली.

"मला वाटलं..." तो पुटपुटला.

"सगळ्यांनाच वाटलं. म्हणून तर बदलून घ्यायला आले," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "सकाळपासून निम्मं गाव रडत दारात येतंय. घरात चूल पेटली नसेल म्हणून रश्शाची पातेली घेऊन. ठेवायला जागा उरली नाही."

तिने हातातल्या कागदाची गुंडाळी केली.

"नाव शोधत इथे आलेला तू एकटाच."