गेलेल्या दगडाला वळसा

बैल पुन्हा वळला.

अण्णाजीने कासरा ओढला, पराणी टोचली, दोन शिव्या हासडल्या. पांढऱ्या बिथरला नाही. धुऱ्यालगतच्या, दोन शेतांमधल्या बांधालगतच्या, त्या जागेपाशी आला, शांतपणे अर्धगोल करून पुढे गेला आणि पलीकडे सरळ झाला. जुवाचा दुसरा बैल लाख्या चैतातल्या बाजारातून आणलेला. त्याने या शेतात कधी दगड पाहिला नव्हता. पण जू एक, म्हणून तोही वळला. दोघांच्या मागून वखर गेला आणि करंजीच्या आकाराचा तो तुकडा तसाच कोरा राहिला.

दगड मोठा होता, चार म्हशी बसतील एवढा. आता तो नव्हता. योजनेतल्या नव्या सडकेला खडी हवी होती, म्हणून हिवाळ्यात माणसे आली. ठेकेदाराने विचारले, दगड कोणाचा? अण्णाजी म्हणाला, धाकट्या भावाचा, गोमाजीचा. गोमाजी म्हणाला, अण्णाजीचा. ठेकेदाराने सुरुंग लावला, गाड्या भरल्या, खड्डा बुजवला आणि कोणालाच काही न देता निघून गेला.

वाटणीच्या वेळी दोघे भाऊ नेमके उलटे बोलले होते. धुरा दगडावरून गेला होता, आणि दगडाचा मोठा भाग माझ्याच हिश्शात आला, तेवढी जमीन बुडाली, भरपाई दे, असे दोघांचेही म्हणणे होते. शब्दाला शब्द लागला. थोरल्या अण्णाजीने तिथेच सांगून टाकले, "तुया दारावरून पाय टाकनार नाई." तेव्हापासून तो शेतातून घरी नाल्याच्या वाटेने जाई. सरळ वाट गोमाजीच्या दारावरून होती.

आता गोमाजीच्या मुलाचे, जयवंताचे, लग्न आले होते. उद्या मांडवाची मुहूर्तमेढ. ती घरातल्या थोरल्याने रोवायची. बोलावण्याची अक्षत आली, पण न्हाव्याच्या हातून; गोमाजी स्वतः आला नव्हता.

अण्णाजीने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि पांढऱ्याच्या धुऱ्याकडच्या डोळ्यावर बांधला. एक फेरा मारला. बैल तेवढाच वळला, तेवढ्याच अंतरावरून. म्हणजे हा डोळ्यांनी वळत नव्हता. पायांनी वळत होता. अण्णाजी स्वतःशीच हसला, मग त्याला बैलाचा रागही आला.

"काऊन छळून राह्यले त्याले?" बाभळीखाली शिदोरी सोडत त्याची बायको रुख्माबाई म्हणाली. "मारून का होते? कोनी समोर चाललं तर येईन तो मांगं."

"मी समोर गेलो तर रुमनं कोन धरते? तू?"

बाईने वखराच्या मुठीला, रुमण्याला, हात लावायचा नसतो, हे त्यालाही माहीत होते आणि तिलाही. ती उठली. धुऱ्यापलीकडच्या शेतात गोमाजी वखर थांबवून पाणी पीत होता. त्याच्या बाजूलाही तशीच एक करंजी कोरी राहिली होती.

"भाऊजी," रुख्माबाईने हाक मारली, "जरा या इकडं. बैल आयकून नाई राह्यला."

गोमाजी आला. जागा पाहिली, बैल पाहिला, भावाकडे पाहायचे टाळले.

"माये बैल बी वळतात," तो म्हणाला. मग रुख्माबाईकडे तोंड करून, "पन हा जास्त वळते. मालकावर गेला."

"धरतं का रुमनं, का तोंडच चालवतं?" अण्णाजी म्हणाला. कितीतरी वर्षांनी तो भावाशी थेट बोलला होता.

गोमाजीने रुमणे धरले. अण्णाजीने पांढऱ्याच्या डोळ्यावरचा दुपट्टा सोडून खांद्यावर टाकला, वेसण धरली आणि पुढे चालू लागला. ती जागा आली तसा बैल अडला. मान वळवली, नाकपुड्या फुगवल्या. अण्णाजी उलट पावली मागे सरकत गेला, जिथे दगडाचे पोट होते तिथे मधोमध उभा राहिला आणि वेसणीला हलकासा हिसका दिला.

"टाक पाय. मी उभा आहो."

पांढऱ्याने एक पाय पुढे टाकला. मग दुसरा. मागे वखराची लोखंडी पास उरलेल्या बारीक खडीवर करकरली आणि मातीत शिरली. पुढचा फेरा बैलाने, समोर कोणी नसताना, सरळ मारला. मग धुरा ओलांडून अण्णाजी गोमाजीच्या बैलांपुढेही तसाच चालला. रुख्माबाईने तिघांची भाकर वाढली.

"उद्या मेढ हाय," घास मोडत गोमाजी म्हणाला.

"मालूम हाय."



ऊन उतरल्यावर बैल सोडून सगळे सोबतच निघाले. लाख्या कसा निघाला, बाजारात त्याचे दात कोणी पाहिले, असले बोलणे चालले होते. अण्णाजी रंगात आला होता. गाव जवळ आले, वाट फुटली. बोलता बोलता त्याचे पाय नाल्याकडे वळले. पांढऱ्या त्याच्या मागोमाग वळला, लाख्याही वळला. रुख्माबाई मात्र जागच्या जागी थांबली.

गोमाजी चार पावले सरळ वाटेवर पुढे गेला होता. तो मागे फिरला. आपले बैल वहिनीच्या हाती दिले आणि अण्णाजीला गाठून त्याच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचे टोक धरले. मग त्याच्याकडे तोंड करून, उलट पावली, सरळ वाटेच्या मधोमध जाऊन उभा राहिला. दुपट्ट्याला हलकासा हिसका दिला.

"टाका पाय, दादा," तो म्हणाला. "मी उभा आहो."