लागेल तेवढाच जोर

आयुष्यभर पायी टपाल वाटलेल्या बाबांचे पाय सत्तरीत लटपटू लागले, तेव्हा डॉक्टरांनी कंबरेपासून घोट्यापर्यंत बांधायचा यांत्रिक सांगाडा दिला. म्हणाले, "पाय जेवढे कमी पडतील, तेवढाच जोर हा लावेल. किती लावला, ते फोनवर दिसेल."

पहिल्या दिवशी आकडा होता वीस टक्के. आठवडाभर मी जीव मुठीत धरून त्यांच्या मागेमागे फिरले. मग बाबा इतके झपाझप चालायला लागले, की आकडा बघायचं भानच राहिलं नाही.

आज तर स्वारी तीन जिने एका दमात चढली. "बघ, धापसुद्धा लागली नाही!" वरून आवाज आला. ताईला कळवावं म्हणून मी खालीच फोन उघडला.

सांगाड्याचा जोर: अठ्ठ्याण्णव टक्के.

"बाबा, तिथेच बसा! हलू नका!" ओरडत मी जिन्याकडे धावले.



"अगं, घाबरतेस काय वेड्यासारखी? आता हे लोढणं काढूनच खाली येतो," बाबा हसले, आणि वरून पट्टा सुटल्याचा खट्ट आवाज आला.