वाळूच्या पिशव्या

उन्नतीचं पत्र येऊन दोन वर्षं झाली, तरी सावे मास्तरांना उत्तर लिहिणं जमलं नव्हतं. "बाबा, तुम्ही लग्नाला आला नाहीत, ते मी विसरले. बोईसरला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. पण एकदा या."

पालघरच्या दुकानात मास्तर व्यायामाची सायकल न्याहाळत उभे राहिले. दुकानदार हसला, "काका, हिच्यावर शेवटी कपडेच वाळतात. त्यापेक्षा ह्या वाळूच्या पिशव्या घोट्याला बांधा. स्वस्तात पाय बळकट होतील."

चार महिन्यांनी मास्तर एका दमात तिन्ही जिने चढले. दाराआड उन्नती कुणाला तरी हसत दटावत होती. बेलवर नेलेलं बोट मागे आलं.

असावी म्हणून लिहून आणलेली चिठ्ठी त्यांनी दाराखालून आत सरकवली: "बाळा, यायचं फार मनात आहे, पण गुडघे तीन जिने चढू देत नाहीत."